मत्सराची मळी



काम, क्रोध, लोभ, मोह, मद आणि मत्सर हे सहा शत्रू आपण लहानपणापासून पाठ म्हणत आलो. मत्सराचे नाव शेवटी येते म्हणून तो सगळ्यांत धाकटा असावा असे वाटते. पण थोडे थांबून पाहा. लोभ्याच्या हाती निदान पैका लागतो. रागीट माणूस चार शब्द बोलून घटकाभर मोकळा होतो. मत्सरी माणसाच्या पदरात काय पडते? शेजारच्या घरातला दिवा विझला म्हणून आपल्या घरात उजेड पडत नाही. स्वतःला काही न मिळता दुसऱ्याचे जावे असे वाटायला लावणारा हा एकच शत्रू आहे.

आणि त्याला लांबचे माणूस चालत नाही. मुंबईच्या कोट्यधीशाचा हेवा कसबा बावड्याचा शेतकरी करीत नाही. त्याला सलतो तो बांधापलीकडचा ऊस! भजनात एकाच्या चालीला मंडळींनी मान डोलावली, की शेजारी टाळ धरून बसलेला हळूच म्हणतो, "चाल झकास हो, पण गळ्यात भाव न्हाई." हा जो 'पण' आहे ना, तिथे मत्सराचे बीज आहे. भाऊ भावाचा, जाऊ जावेचा, कवी कवीचा मत्सर करतो. जिथे प्रेम असायला हवे, नेमक्या त्याच जागी हा येऊन बसतो.

हे आम्ही पदरचे सांगत नाही. आपल्या बावड्यापासून तासाभराच्या पायी वाटेवर जे करवीर क्षेत्र, तिथेच साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी हे घडले आहे. संत बहिणाबाईंनी ते स्वतःच्या अभंगांत लिहून ठेवले आहे. या बहिणाबाई म्हणजे जळगावच्या बहिणाबाई चौधरी नव्हेत; या तुकोबारायांच्या शिष्या, इ. स. १६२८ ते १७०० या काळातल्या. जन्म वेरूळजवळच्या देवगावचा. लहानपणीच वयाने पुष्कळ मोठ्या बिजवराशी लग्न झाले. पुढे घरावर संकट आले आणि सारे कुटुंब गाव सोडून पंढरपूर, रहिमतपूर करीत कोल्हापुरास आले. यजमान वैदिक ब्राह्मण. वेदपठणावर चरितार्थ.

कोल्हापुरात त्यांना एक गाय मिळाली. तिच्या वासराला बहिणाबाईंचा असा लळा लागला, की त्या जातील तिथे ते मागे. जयरामस्वामींच्या कीर्तनालाही ते जाई. एकदा गर्दी झाली म्हणून लोकांनी वासराला बाहेर काढले, तसे ते बाहेर हंबरू लागले आणि आत ही पोर रडू लागली. स्वामींनी वासराला आत आणवले आणि दोघांच्याही मस्तकावर हात ठेवला. झाले! कुणीतरी ही गोष्ट तिखटमीठ लावून यजमानांच्या कानी घातली, आणि त्यांनी त्या अकरा वर्षांच्या मुलीला बेदम मारले.

यात चूक काय होती? कीर्तन ऐकणे? वासरावर माया करणे? सलत होते ते निराळेच. पुढे बहिणाबाईंना स्वप्नात तुकोबारायांचा अनुग्रह झाला, लोक त्यांच्या दर्शनाला येऊ लागले, तेव्हा यजमानांच्या मनातले बाहेर आले. वेद आम्ही पढलो आणि लोक पाया पडायला येतात ते हिच्या! उद्या आम्हाला कोण विचारणार? या जळफळाटात गरोदर बायकोला टाकून तीर्थाटनाला जायचे त्यांनी ठरवले. निघण्याच्या वेळी त्यांना ताप भरला. अंथरुणाला खिळले, औषध लागू पडेना. उशाशी बसून दिवसरात्र सेवा केली ती त्याच बायकोने. त्या दुखण्यात त्यांचे मन पालटले, आणि पुढे तेच तिला घेऊन देहूला गेले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बहिणाबाईंची सोशिकता सांगून आजच्या लेकीसुनांना "तूही मार सोस" असे जर कुणी सांगत असेल, तर त्याने हे चरित्र उलटे वाचले आहे. मार हा भक्तीचा भाग नव्हता, तो मत्सराचा भाग होता. या कथेत सुधारायचे होते ते नवऱ्याला, बायकोला नव्हे. सासरी मुलीला मार बसत असेल तर तिच्या पाठीशी उभे राहणे हाच आपला धर्म.

घरातले हे झाले. आता वाङ्मयातले पाहा. बहिणाबाई ज्यांच्या पायांशी गेल्या, त्या तुकोबारायांनाही हा शत्रू चुकला नाही. वाघोलीचे रामेश्वरभट्ट मोठे विद्वान. शूद्राच्या मुखातून प्राकृत भाषेत वेदांचा अर्थ निघतो आणि लोक तो माथ्यावर घेतात, हे त्यांना सोसले नाही. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवण्याची आज्ञा झाली. वह्या बुडाल्या, तुकोबाराय तेरा दिवस अन्नपाण्यावाचून नदीकाठी बसले, आणि वह्या तरल्या, ही कथा आबालवृद्धांना ठाऊक आहे. पण तिचा उत्तरार्ध आपण फारसा सांगत नाही. परंपरा सांगते, की इकडे रामेश्वरभट्टांच्या अंगाचा दाह होऊ लागला. चंदनाचे लेप झाले, ओली वस्त्रे झाली, आग शमेना. शमली ती तुकोबारायांच्या अभंगाने! अहो, ज्या शब्दांना पाण्यात बुडवायला निघाले, त्याच शब्दांनी अंगात गारवा आला.

पुढे काय झाले? कीर्तनाच्या शेवटी आपण तुकोबारायांची आरती म्हणतो, ती कुणाची? याच रामेश्वरभट्टांची! ज्याने वह्या बुडवायला लावल्या त्याचीच आरती वारकरी आज घरोघर म्हणतो. त्यांची विद्वत्ता कुणी आठवो न आठवो, त्यांनी केलेली दुसऱ्याची स्तुती तेवढी टिकली.

सगळेच असे पालटतात असे मात्र नाही. देहूच्या मंबाजीने तुकोबारायांना काट्यांच्या फांदीने झोडपले, आणि बहिणाबाई देहूला आल्यावर त्यांचा आणि त्यांच्या गाईचाही छळ केला. दाह तिघांच्याही अंगी होता. दोघांनी तो ओळखला, तिसऱ्याने तो दुसऱ्याचाच दोष मानला. फरक एवढाच.

म्हणून ओळखायला शिकले पाहिजे. आपल्या भागातली गुऱ्हाळे आता कमी झाली, तरी ज्याने एकदा चुलवाणाजवळ बसून पाहिले त्याला हे सांगावे लागणार नाही. काहिलीतला रस तापू लागला की त्यात भेंडीचा चिकट रस घालतात, आणि मळी वर येते. गुळव्या ती पुन्हा पुन्हा काढून टाकतो. मळी वर आली म्हणून तो रस ओतून देत नाही. पण ती दिसत असून तशीच ठेवली, तर गूळ काळा पडतो. दुसऱ्याची स्तुती कानी पडली आणि आपल्या छातीत कुठेतरी चटका बसला, तर समजावे की मळी वर आली. चटका बसला म्हणून आपण पापी ठरत नाही. काढायची वेळ आली, एवढेच.

ती काढायची कशी? रामेश्वरभट्टांनी केले तेच आपण लहान प्रमाणात करायचे. ज्याचे चांगले ऐकवत नाही त्याचे एक चांगले आपल्याच तोंडाने चार माणसांत बोलायचे, आणि वाक्य तिथेच थांबवायचे. 'पण' म्हणायचे नाही! "त्याचा ऊस यंदा फार चांगला आला." पुरे. "धाकट्या जावेच्या हाताला चव आहे." पुरे. "त्याच्या चालीने आज रंग आला." पुरे. पहिल्यांदा जीभ अडखळेल. दहा वेळा म्हटल्यावर अडखळणार नाही.

ज्ञानोबारायांनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांच्या मनातला वाकडेपणा तेवढा जावा असे मागितले. ते मागणे दुसऱ्या कुणासाठी आहे असे समजून आपण रोज हात जोडतो. उद्यापासून ते स्वतःसाठी म्हणून पाहू या.

रामकृष्णहरि!