अदब आणि नकार

२०२४ च्या प्रजासत्ताक दिनाचा बक्षीस समारंभ. मालवण किनारपट्टीवरच्या एका लहानशा उर्दू प्राथमिक शाळेत आम्ही शिकवतो. त्या दिवशीचे पाहुणे वयोवृद्ध, सज्जन, दरवर्षी गरीब मुलांना वह्या देणारे. दुसरीतली एक मुलगी बक्षीस घ्यायला आली, तेव्हा फोटोसाठी त्यांनी कौतुकाने तिला ओढून मांडीवर घेऊ पाहिले. मुलीने अंग आखडले आणि ती मागे सरली. सगळे हसले. आम्ही माईकजवळ उभे होतो. आम्ही म्हणालो, "बेटा, ऐसी बेअदबी नहीं करते. बडों की बात मानते हैं." मुलगी मांडीवर बसली, फोटो निघाला. तो अजून शाळेच्या कपाटात आहे.

पाहुण्यांच्या मनात काही वावगे नव्हते. तेव्हाही आम्हांला तशी शंका आली नाही, आजही नाही. प्रश्न आमच्या वाक्याचा आहे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला. लोक रेल्वे रुळांवर उतरले आणि साऱ्या राज्यातल्या शाळांची झोप उडाली. २०२२ साली प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती स्थापन करण्याचा शासन निर्णय झाला होता. तो कागद ठिकठिकाणी फायलीतून बाहेर निघाला. आमच्याकडेही सूचना आल्या आणि सप्टेंबरमध्ये तिसरी-चौथीच्या एकत्र वर्गात 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' हा पाठ घ्यायला आम्ही उभे राहिलो. कोणाचा स्पर्श आवडला नाही तर मोठ्याने 'नाही' म्हणायचे, तिथून निघायचे, विश्वासाच्या माणसाला सांगायचे. मुलांनी एका सुरात म्हणून दाखवले. मग मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, बडों को भी?"

ती मुलगी आता तिसरीत होती, दुसऱ्या रांगेत. ती आमच्याकडे पाहत होती. आम्ही "हां, बडों को भी" म्हणालो, पण आवाज नेहमीचा नव्हता.

तेव्हापासून हा प्रश्न आमच्या मागे लागला आहे. आपल्या घरांतली सगळी तालीम अदबीवर उभी आहे. सलाम आधी कोणी करायचा, थोरांसमोर कसे बसायचे, उलट उत्तर का द्यायचे नाही, हे मूल चालायला लागल्यापासून शिकते. ज्या मुलाला सात वर्षे 'ऐक' एवढेच शिकवले, त्याला आठव्या वर्षी एका तासात 'नकार दे' म्हणून सांगणे प्रामाणिकपणाचे आहे काय? बी.एड.ला आम्ही पियाजेच्या विकासावस्था तोंडपाठ करून गुण मिळवले. हा प्रश्न कुठल्याच पेपरात नव्हता.

नकार तर लांबच, आधी शब्दच नाहीत. आमची मुले होडीच्या वल्ह्यापासून सुकाणूपर्यंत सगळे भाग नावानिशी सांगतात. रापण ओढली की जाळ्यातला बांगडा, पेडवा, सौंदाळा लांबूनच ओळखतात. पण स्वतःच्या शरीराच्या दोन-तीन भागांना त्यांच्याकडे नाव नाही. घरातल्या बोलीतला शब्द शिवीत वापरला जातो, म्हणून तो उच्चारला की थप्पड बसते. मराठी पुस्तकी शब्द 'गुप्तांग', म्हणजे लपवलेले. आमच्या उर्दूत तर 'शर्मगाह', लाजेची जागा. तीन भाषा येणारे मूल या एका बाबतीत तिन्ही भाषांत मुके. उद्या त्याला काही सांगायचे असेल, तर पहिल्याच शब्दाला ते गुन्हेगार ठरते.

या मुकेपणाला आपण हया म्हणतो, आणि इथेच आमचा मतभेद आहे. हया ही वागण्याची गोष्ट आहे, न बोलण्याची नव्हे. हजरत आयेशांनी अन्सारी स्त्रियांची तारीफ केली ती यासाठीच, की दीन समजून घेताना लाज त्यांच्या आड आली नाही. आपल्या आज्या-पणज्यांना लग्नात 'बहिश्ती जेवर' दिले जाई. मौलाना अशरफ अली थानवींच्या त्या किताबात हैज आणि गुस्ल यांचे मसले स्पष्ट लिहिले आहेत. ती किताब उशाशी ठेवणाऱ्या घरात आज शाळेने तोच विषय काढला की 'हे इंग्रजी खूळ' म्हणून ओरड होते. ओरड केवळ आपल्याच मोहल्ल्यात होते असे नाही. २००७ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळात सत्ताधारी आणि विरोधक एकाच सुरात ओरडले आणि शाळांतले लैंगिक शिक्षण थांबले. त्याच वर्षी केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतला अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्र त्यांत होता. निम्म्याहून अधिक, ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या लैंगिक छळाला तोंड दिल्याचे सांगितले होते. त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा थोडे जास्तच होते, आणि त्रास देणारे बहुधा ओळखीचे, विश्वासातले होते.

सूरह नूरमधली एक शिकवण आम्हांला या संदर्भात वारंवार आठवते. फजरच्या आधी, दुपारी कपडे उतरवून विसावा घेताना आणि इशाच्या नंतर, या तीन वेळांना वयात न आलेल्या मुलांनीसुद्धा परवानगी घेऊनच मोठ्यांच्या खोलीत यावे. दहाव्या वर्षी मुलांची अंथरुणे वेगळी करावीत, ही हदीसही सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे देहाला एक दार असते आणि ते परवानगीशिवाय उघडायचे नसते, हे लहान मुलाला समजते असे तिथे गृहीतच धरले आहे. आपण मात्र ही अदब एकाच बाजूने शिकवली. मुलाने मोठ्यांच्या दारावर टकटक करावी. मुलाच्या दारावर कोणी करायची? गालगुच्चा घेणारे चाचा, मुका दिल्याशिवाय चॉकलेट न देणारे शेजारी, स्टेजवरचे पाहुणे, यांपैकी कोणी विचारते काय?

पालकसभेत आम्ही हे मांडले, तेव्हा एक बुजुर्ग उठले. ते म्हणाले, "सर, ज्यांचे बाप कुवेत-दुबईला आहेत ती मुले चाचा-मामूच्या अंगाखांद्यावर वाढतात. तुम्ही त्यांना माया मोजायला शिकवणार. उद्या भाचीला उचलून घेताना मामूचा हात थबकेल." या आक्षेपाला आमच्याकडे पुरे उत्तर नाही. हात थबकेल, हे खरे. काहीतरी निखळ होते ते थोडे कमी होईल. पण क्षणभर थबकून "येतेस का?" असे विचारणाऱ्या मामूची माया घटते, हे आम्हांला पटत नाही. सभेत एवढे बोलायचे सुचले नाही. घरी येताना वाटेत सुचले.

आम्हांला दुसरीच गोष्ट अधिक बोचते. 'नाही म्हणा' असे शिकवताना आपण सगळा भार मुलावर टाकतो. सात वर्षांच्या पोराने धिप्पाड माणसाला अडवायचे? आणि अडवता आले नाही तर? पाठ नीट केला नाही म्हणून स्वतःलाच दोष देत बसायचे? २०१२ चा पॉक्सो कायदा याबाबतीत आमच्या पाठापेक्षा शहाणा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या संमतीला किंवा नकाराला तो महत्त्वच देत नाही. ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवले पाहिजे, न कळवणाऱ्याला शिक्षा आहे. कायदा मुलाला बोल म्हणत नाही, आम्हांला म्हणतो.

आम्ही ऐकतो काय? नोकरीच्या पहिल्या वर्षी, २०११ साली, चौथीतला एक मुलगा शाळा सुटल्यावर रेंगाळला. एका घरी रोज दूध पोचवायचे काम त्याच्याकडे होते. तो म्हणाला, "सर, मला त्या घरी नाही जायचं. अब्बांना सांगाल?" आम्ही म्हणालो, "कामाचा कंटाळा बरा नाही." त्याने दप्तर उचलले. तिथे काही होते की नुसता कुत्रा भुंकत होता, आम्हांला आजही ठाऊक नाही, कारण आम्ही विचारले नाही. तो नकारच होता. आमच्या कानांना तो आळस वाटला. तो आता ट्रॉलरवर जातो. बंदरावर भेटला की हात उंचावून सलाम करतो. आम्ही जवाब देतो आणि हवापाण्याचे बोलतो.

यंदाच्या जानेवारीत पुन्हा समारंभ झाला, तेच पाहुणे होते. आदल्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी जाऊन बसलो, पण विषय काढणे जमले नाही. चहा पिऊन परतलो. वर्गात मात्र मुलांना सांगितले, की बक्षीस घेताना हात मिळवायचा की लांबून सलाम करायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. ती मुलगी आता चौथीत आहे. तिचे नाव पुकारले. पाहुण्यांनी हात पुढे केला. ती दोन हात लांब थांबली, "अस्सलामु अलैकुम" म्हणाली, बक्षीस घेतले आणि वळली. पाहुण्यांनी सलामचा जवाब दिला आणि आमच्याकडे पाहिले. आम्ही यादीत पाहून पुढचे नाव पुकारले.