ऐकलेले वचन पुन्हा का ऐकावे?



प्रभू येशूचे डोंगरावर रूपांतर झाले, तेव्हा तेथे तीन मंडप उभारावेत असे पेत्राच्या मनात आले. मेघातून जी वाणी झाली तिने मंडपांविषयी चकार शब्द काढला नाही. तिने पुत्राची ओळख पटवून दिली आणि त्याचे ऐकावे एवढीच आज्ञा केली. ही आज्ञा कोणाला झाली, ह्याचा विचार आपण क्वचितच करतो. ज्यांनी येशूचे नावही ऐकले नव्हते अशांना ती झाली नाही. जे जाळी व घरदार सोडून त्याच्यामागे आले होते, ज्यांनी त्याचे दाखले प्रत्यक्ष त्याच्या तोंडून ऐकले होते, अशा तिघांना ती झाली. मार्काच्या शुभवर्तमानावरून आणखी एक गोष्ट कळते. ह्या प्रसंगाच्या सहा दिवस आधी प्रभूने आपले दुःखसहन व मरण ह्यांविषयी उघड सांगितले होते, आणि पेत्राने त्याला बाजूला घेऊन उलट त्यालाच दोष दिला होता. पेत्र रोज ऐकत होता. परंतु एका गोष्टीपुरते त्याने कान झाकून घेतले होते. त्याच कानासाठी मेघातील वाणी झाली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

आपल्या मंडळ्यांत असे उद्गार वरचेवर कानी पडतात की, हा अध्याय आम्ही बाळपणापासून ऐकला आहे. आता त्यात नवे ते काय राहिले? प्रश्न अगदीच पोकळ नाही. शास्त्र बदलत नाही, शब्द तेच असतात, वाचणाराही पुष्कळदा तोच असतो. मग ऐकलेले पुन्हा का ऐकावे? ह्या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकात सापडले नाही. ते मला एका पाड्यावर, एका निरक्षर बाईकडून मिळाले, आणि तेही माझी चूक पदरात घातल्यावर मिळाले. म्हणून ती हकीगत प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वी तलासरी तालुक्यातील एका पाड्यावर संध्याकाळची उपासना होती. दिवाळी होऊन गेली होती, भात झोडून झाले होते, आणि पाड्यावरील निम्मी घरे वीटभट्टीवर जाण्यासाठी बोचकी बांधीत होती. ह्या भागाची रीत वाचकांस ठाऊकच आहे. आजारपणासाठी, लग्नासाठी किंवा पावसाळ्यातील उपासमारीत मुकादमाकडून उचल घ्यावयाची, आणि मग बायकामुलांसह भट्टीवर राहून ती फेडावयाची. मजुरी किती धरली, खर्चीचे पैसे किती वळते झाले, विटा किती मोजल्या, हे सारे मुकादमाच्या वहीत असते, आणि वही वाचता येणारा बहुधा मुकादमच असतो. त्या रात्री मी लूककृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचला. नासरेथच्या सभास्थानात प्रभूने यशया संदेष्ट्याचा ग्रंथ उघडला, आणि दीनांस सुवार्ता व बंदिवानांस सुटका जाहीर करण्यासाठी आपणांस पाठवले आहे असे दर्शविणारा भाग वाचला, तो प्रसंग. मी शिकलो होतो तसे विवरण केले: बंदिवास म्हणजे पापाचा बंदिवास, सुटका म्हणजे आत्म्याची सुटका.

विवरण संपल्यावर भिंतीला टेकून बसलेली एक वृद्ध बाई आपल्या वारली बोलीत म्हणाली, "पाळकबाबा, उचल घेतलेला माणूस ह्यात येतो की नाही?"

मी लगेच उत्तर दिले. म्हणालो, "आजी, येथे प्रभू पापाच्या बंधनाविषयी बोलत आहे." ती "बरं" म्हणाली आणि गप्प बसली. परंतु मी असे का म्हणालो? मुकादम त्याच ओसरीवर बसला होता. तो आपल्याच मंडळीचा सभासद होता, आणि प्रार्थनामंदिराच्या पत्र्यांसाठी त्याने सढळ हाताने वर्गणी दिली होती. पापापासून सुटका हा त्या वचनाचा अर्थ आहेच. तो मी कधीही नाकारणार नाही. तथापि त्या रात्री खऱ्या अर्थाचाच पडदा करून मी दुसरा खरा अर्थ झाकला होता. वचन मी वाचले होते. ऐकले होते ते त्या बाईने.

वाचकहो, ह्या जिल्ह्यात तो प्रश्न काही त्या रात्री प्रथम विचारला गेला नव्हता. १९४५ पूर्वी डहाणू आणि तेव्हाचा उंबरगाव तालुका (तलासरीचा मुलूख त्या वेळी उंबरगावात मोडत असे) येथील वारली लोकांत लग्नगडी नावाची प्रथा होती. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज काढावयाचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्या घरी व शेतावर राबावयाचे. पुष्कळांचे कर्ज जन्मभर फिटत नसे. त्यावर वेठ निराळी. १९४५ साली शामराव व गोदावरी परुळेकर ह्यांच्या पुढारपणाखाली वारली उठले. तलासरीजवळच्या झरी गावी हजारोंनी जमून वेठ करणार नाही असे त्यांनी ठरविले. त्याच वर्षाच्या १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड व त्यांचे काही सोबती मरण पावले.

परुळेकर पतिपत्नी किसान सभेचे कार्यकर्ते होते व साम्यवादी पक्षाचे होते; शुभवर्तमानाचा आधार घेऊन ती आली नव्हती. लूकाचा चौथा अध्याय मात्र त्यापूर्वी कित्येक वर्षे ह्या मुलखात वाचला जात होता. अमेरिकेतील ब्रदरन मंडळीचे मिशनरी विसाव्या शतकाच्या आरंभी डहाणूस आले. त्यांनी शाळा काढल्या, दवाखाना चालविला, आजाऱ्यांच्या उशाशी रात्री काढल्या. त्यांचा किंवा त्या काळच्या आपल्या वडीलजनांचा न्याय करण्यास मी बसलो नाही. ज्या माणसाने एका ओसरीवर एका मुकादमासमोर जीभ आवरली, त्याने दुसऱ्यांवर दगड उचलू नये. परंतु एक प्रश्न मी स्वतःस विचारल्यावाचून राहवत नाही. बंदिवानांच्या सुटकेचे वचन आमच्या हाती असता, "तू बंदिवान आहेस, उठ" असे वारल्याला सांगण्यास दुसरे कोणी यावे लागले, हे आपल्या कानांविषयी काय सांगते?

वेठबिगार नाहीशी करणारा कायदा १९७६ साली झाला. आता ती वाईट चाल गेली असे आपण म्हणतो, आणि लग्नगड्याची गोष्ट मुलांना इतिहास म्हणून शिकवतो. मात्र बंधनाला नाव बदलता येते, त्याप्रमाणे आपल्या बहिरेपणालाही नवे रूप घेता येते. ऐकलेले पुन्हा ऐकण्याचे पहिले कारण हेच आहे. शब्द तेच राहतात, परंतु ऐकणारा कालचा राहत नाही, आणि त्याच्या दारासमोरचा बंदिवानही कालचा राहत नाही.

येथे कोणी विचारशील वाचक अशी शंका घेईल: शास्त्रात प्रत्येकाला आपापल्या मनाचे सापडते. ज्याला क्रांती हवी त्याला क्रांती, ज्याला शांती हवी त्याला शांती. मग मी ऐकतो ती वाणी प्रभूची आहे की माझ्याच इच्छेचा प्रतिध्वनी आहे, हे ओळखावे कसे? शंका रास्त आहे. तिला पूर्ण उत्तर देण्याची माझी योग्यता नाही. परंतु आपल्या मंडळ्यांच्या उपयोगी पडतील अशा तीन खुणा सांगतो.

पहिली खूण ही की, उतारा अर्ध्यावर सोडू नये. नासरेथची ती गोष्ट आपण बहुधा सुटकेच्या वचनापाशी थांबवतो. पुढे वाचले तर काय दिसते? त्याच्या मुखातील कृपेच्या शब्दांनी लोक प्रथम आश्चर्यचकित झाले. मग त्याने सारफथ येथील परक्या विधवेची व अरामी नामानाची गोष्ट काढली, म्हणजे देवाची दया गावाच्या वेशीबाहेर नेली, आणि तेच लोक त्याला डोंगराच्या कड्यावरून लोटून देण्यास निघाले. ती माणसे त्याला लहानपणापासून ओळखत होती. ह्याचे काय ते आम्हांला ठाऊक आहे, अशी त्यांची खात्री होती. ओळखीचा आवाज ऐकणेच सर्वांत कठीण असते. जे वचन कधीही मला बोचत नाही, ते मी अर्ध्यावरच सोडतो की काय, हे तपासून पाहावे.

दुसरी खूण ही की, एकट्याने ऐकू नये. ब्रदरन मंडळीचा आरंभ १७०८ साली जर्मनीतील श्वार्झेनाऊ येथे झाला. अलेक्झांडर माक व त्यांचे सोबती मिळून आठ माणसांनी शास्त्राचा एकत्र अभ्यास केला आणि एडर नदीत बाप्तिस्मा घेतला. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून तेही एकमेकांचे पाय धुऊ लागले. योहानाचा तेरावा अध्याय त्यांनी वाचून मिटला नाही, पाण्याचे भांडे आणले. ती मंडळी १९७० साली उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळीत सामील झाली, परंतु मिळून ऐकण्याचा तो वारसा आपण टाकून द्यावा असे कोणी सांगितले नाही. आणि मिळून ऐकणे म्हणजे केवळ शिकलेल्यांनी मिळून ऐकणे नव्हे. पंडिता रमाबाईंनी केडगावास मुक्तिसदनात मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून शास्त्राचे मराठी भाषांतर करण्यात आपली शेवटची वर्षे वेचली. त्या १९२२ साली निवर्तल्या, आणि त्यांचे भाषांतर १९२४ साली संपूर्ण छापून निघाले. एवढ्या विदुषी स्त्रीने ग्रंथाची भाषा सोपी करण्यासाठी इतके कष्ट का घ्यावेत? साध्यासुध्या बाईलाही ते वचन समजावे म्हणून. आपल्या पाड्यांवर तर पुस्तकी मराठीही पुष्कळांस परकी वाटते. म्हणून वाचन झाल्यावर कोणीतरी तोच भाग वारलीत सांगावा, आणि सांगून झाल्यावर पाळकाने ताबडतोब बोलू नये. भिंतीला टेकून बसलेल्यांस प्रश्न विचारण्यापुरती जागा ठेवावी. मी ती ठेवली नव्हती. आजीने ती आपणहून घेतली.

तिसरी खूण ही की, ऐकणे पायांत उतरले पाहिजे. ऐकून न करणारा मनुष्य आरशात तोंड पाहून विसरणाऱ्यासारखा आहे, असे याकोबाने लिहिले आहे. आपल्या भागातील माणसाला ही गोष्ट तारप्याच्या नाचावरून सहज समजेल. तारपकरी मध्ये वाजवीत असतो, नाचणारे कमरेला हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात. त्याने सूर पालटला की पावले पालटतात. तो वळला की रांग वळते. त्याच्याकडे कोणी पाठ करीत नाही. मला सूर ठाऊक आहे असे म्हणून जो ऐकणे सोडील त्याचे पाऊल पुढच्याच फेऱ्यात चुकेल. नाच ठाऊक असणे आणि तारपा ऐकत राहणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ख्रिस्ती धर्म ठाऊक असणे आणि ख्रिस्ताचे ऐकत राहणे ह्याही तशाच निराळ्या आहेत.

आता त्या ओसरीवरची उरलेली हकीगत. पुढील आठवड्यात मी पुन्हा त्याच पाड्यावर गेलो आणि तोच अध्याय कड्यापर्यंत वाचला. मग आजीकडे वळून म्हणालो, "आजी, त्या दिवशी मी तुम्हांला अर्धेच उत्तर दिले. उचल घेतलेला माणूसही ह्यात येतो." कोणी काही बोलले नाही. मुकादम खाली पाहत होता, आणि खरे सांगावयाचे तर मीही खालीच पाहत होतो. काही दिवसांनी त्याने एका कुटुंबाची वही त्यांच्या शाळेत जाणाऱ्या मुलीकडून घरच्यांसमोर मोठ्याने वाचून घेतली व हिशेबात चुकलेली रक्कम सोडून दिली. इतर कुटुंबांच्या बाबतीत त्याने तसे केले नाही. मीही दर वेळी धीराने बोललो आहे असे नाही. पत्र्यांवर पाऊस वाजू लागला की ती वर्गणी मला अजून आठवते. आम्ही दोघे त्याच मंडळीत बसतो व तेच वचन ऐकतो.

ऐकलेले पुन्हा का ऐकावे, ह्याचे उत्तर ह्यापेक्षा निराळे मजपाशी नाही. एका कुटुंबापुरते ऐकून झाले आहे. अजून पुष्कळ घरे राहिली आहेत. पेत्रानेही डोंगरावरून उतरल्यावर पुन्हा चूक केली, अंगणात शेकोटीपाशी प्रभूला नाकारले. तरी प्रभूने बोलणे सोडले नाही, आणि पेत्राला शेवटी ऐकावेच लागले. तो बोलत आहे तोवर आपल्याला आशा आहे.

तेव्हा बंधुभगिनींनो, ह्या आठवड्यात लूकाचा चौथा अध्याय घरी मोठ्याने वाचावा. घरात ज्याला वाचता येत नाही त्याला जवळ बसवावे, आणि वाचून झाल्यावर त्याने काय ऐकले हे आधी त्यालाच विचारावे. प्रभू आपणां सर्वांस ऐकणारे कान देवो, आणि ऐकलेले करण्याचे धैर्य देवो. आमेन.