चुकीच्या वेळचा बचाव

मधुमेह म्हटला की साखर आठवते, फार तर स्वादुपिंड. पण टाइप-2 मधुमेहाच्या सुरुवातीला रक्तात इन्शुलिन भरपूर असते. स्नायू, यकृत आणि चरबीच्या पेशीच त्याला दाद देत नाहीत. हा इन्शुलिन-रोध म्हणजे बऱ्याच अंशी शरीराचा भलत्या वेळी चाललेला बचाव आहे. लठ्ठ प्रयोगप्राण्यांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हा दाहकारक रेणू वाढतो आणि तो निष्प्रभ केला की इन्शुलिनचे काम सुधारते, हे होतामिस्लिगिल आणि स्पीगलमन यांनी 1993 मध्ये दाखवले. पुढे अशा चरबीत मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या प्रतिकारपेशींची गर्दी आढळली. सूक्ष्मदर्शकाखाली, फुगून मेलेल्या चरबीपेशीला त्यांनी घातलेले कडे स्पष्ट दिसते.

जंतू नसताना त्यांना चिथावतो कोण? टीएलआर-4 हा ग्राही रेणू मुळात जिवाणूंच्या आवरणातले विष ओळखतो. तो नसलेल्या उंदरांच्या रक्तात 2006 च्या प्रयोगात स्निग्धाम्ले वाढवली, तरी इन्शुलिन-रोध फारसा झाला नाही. हा ग्राही जागा झाला की जेएनके आणि आयकेके ही विकरे कामाला लागतात, आयआरएस-1 या प्रथिनावर नको तिथे फॉस्फेट चिकटते आणि इन्शुलिनचा निरोप तिथेच अडतो. संसर्गात हे सोयीचे असावे, कारण स्नायूंनी न घेतलेले ग्लुकोज लढणाऱ्या पेशींना मिळते. पण संसर्ग चार दिवसांत ओसरतो, साठलेली चरबी ओसरत नाही.

आक्षेप असा, की स्निग्धाम्ले या ग्राहीला थेट चिकटतच नाहीत. शांतिनिकेतनच्या विश्वभारतीतील संशोधकांनी 2012 मध्ये मधला दुवा म्हणून यकृतातले फेट्युइन-ए हे प्रथिन पुढे आणले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: टीएनएफ रोखूनही मधुमेही रुग्णांची साखर सुधारली नाही. पण दाहाच्या वाटा अनेक आहेत. एक बुजवल्याने बाकीच्या बंद होत नाहीत. शिवाय चरबीपेशींतला दाह पुरता दाबला, तर उंदरांत चरबी नीट साठत नाही आणि यकृतात जाते. म्हणून बचाव मोडण्यापेक्षा चिथावणी कमी करणे शहाणपणाचे. बारीक माणसांनीही निर्धास्त राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय 22.3 होता, चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिकांची 21.2 टक्के. तेव्हा वजनकाट्यावर विसंबू नका, कंबर मोजा. भारतीय पुरुषांसाठी 90 आणि स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर ही धोक्याची रेषा आहे.