बगळ्याचा डोळा

सायकलीचे भाग दोन प्रकारचे असतात. एक, ज्यांच्यावाचून सायकल चालत नाही ते. आणि दुसरे, ज्यांच्यावाचून सायकलवाल्याला चैन पडत नाही ते. पहिल्या प्रकारात पेडल, ब्रेक, टायर, ट्यूब ही कष्टकरी मंडळी येतात. दुसऱ्यात मुठींतून लोंबणाऱ्या रंगीत झिरमिळ्या, स्पोकमध्ये ओवलेले मणी, हबभोवतीचा केसाळ गोंडा, सीटकव्हरची झालर, पुढच्या मडगार्डच्या नाकावरचे चिमुकले विमान, व्हॉल्व्हची टोपी आणि हँडलखालचा पितळी बिल्ला.

यांतल्या काहींची वकिली करता येते. गोंडा फिरता फिरता हब पुसतो. टोपी धूळ अडवते. हवा मात्र ती धरत नाही, हवा व्हॉल्व्ह धरतो. टोपी नसली म्हणून सायकल ऑफिसात उशिरा पोचत नाही, आणि टोपी असूनही सायकलस्वार उशिरा पोचल्याची उदाहरणे आमच्या शाखेच्या मस्टरवर भरपूर आहेत. पण बिल्ल्याची वकिली करायला कुणी उभा राहत नाही. बिल्ला म्हणजे पूर्वी नगरपालिका सायकलीचा कर घेऊन द्यायची तो पत्र्याचा तुकडा नव्हे. त्याला निदान पोलिसापासून वाचवण्याचे काम होते. मी म्हणतो तो कंपनीचा छाप. तो कपाळावरच्या गंधासारखा नुसता असतो.

आमच्या घरी १९६९ साली अण्णांनी सेकंडहँड घेतलेली रॅले आहे. नॉटिंगहॅम शहरात रॅले स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे हा कारखाना सुरू झाला आणि रस्त्याचे नाव सायकलीला चिकटले. पुण्यात सायकलींची दुकाने बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास. कारखाना इथे निघता तर अण्णा पन्नास वर्षे ‘पासोड्या’वरून कचेरीत गेले असते. असो. या रॅलेची खूण बगळा. पेडलजवळच्या दातेरी चक्रात तीन बगळ्यांची डोकी कोरलेली असतात आणि बिल्ल्यावर एक. चक्रातले बगळे काम करतात. बिल्ल्यावरचा फक्त बघतो.

गेल्या वर्षी सायकलीला रंग दिला. रंगाऱ्याने बिल्ला उतरवला, सायकल परत केली आणि बिल्ला केला नाही. विचारल्यावर म्हणाला, “आली तेव्हा अशीच होती.” हँडलखाली दोन भोके उरली. मी बिल्ल्याच्या शोधाला लागलो.

पहिल्या दुकानदाराने स्टिकर पुढे केला. दुसऱ्याने, म्हणजे एका वयस्क गृहस्थांनी, चष्मा कपाळावर चढवून मला विचारले, “सायकल चालते?”

“चालते.”

“मग सायकलीचं अडलेलं नाही. तुमचं काय अडलंय?”

पुण्याच्या दुकानात वस्तू मिळतेच असे नाही, पण प्रश्न चांगला मिळतो. खरेच, माझे काय अडले होते? दिसण्यापुरत्या वस्तूसाठी भर उन्हात वणवण करणे हा छंद, हट्ट, की शुद्ध चैन?

या प्रश्नाला मोठमोठी माणसे अडखळली आहेत. ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात राजा मिलिंद नागसेन भिक्षूंना भेटायला रथातून येतो. भिक्षू विचारतात, दांडा म्हणजे रथ का? आस? चाके? राजा प्रत्येकाला नाही म्हणत जातो, आणि शेवटी ‘रथ’ हे या सगळ्यांना मिळून दिलेले नुसते नाव, इथवर गोष्ट येते. तिकडे अथेन्सच्या लोकांनी थीसियसचे जहाज जपले. कुजली फळी की बदल, असे करत. प्लुटार्क सांगतो, की हे तेच जहाज की दुसरे, यावर तत्त्ववेत्ते भांडत बसले. सतराव्या शतकात हॉब्ज नावाच्या इंग्रजाने आणखी एक काडी टाकली: काढलेल्या जुन्या फळ्या कुणी गोळा करून पुन्हा जोडल्या तर खरे जहाज कोणते? या सद्गृहस्थाने पुण्याचा जुना बाजार पाहिला नव्हता. पाहिला असता तर प्रश्न विचारण्याऐवजी भाव विचारला असता.

अण्णांच्या सायकलीला हा हिशेब लावून पाहिला. टायर किती बदलले याची गणती नाही. चेन, पेडल, रिमा, सीट, ब्रेकचे रबर, सगळे नंतरचे. फ्रेम मूळची, आणि मूळचा होता तो बगळा. म्हणजे गंमत पाहा. जे उपयोगाचे ते झिजले, म्हणून बदलले गेले. बिनकामाचा बिल्ला शेवटपर्यंत मूळचा राहिला. कचेरीतही असेच असते. पण तो विषय वेगळा, आणि आमचे साहेब वाचनाचे शौकीन आहेत.

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिसऱ्या रविवारी एका फाटक्या ताडपत्रीवर नळाच्या तोट्या, कुलुपे आणि किल्ल्या यांच्या गर्दीत बगळा दिसला. तसाच, त्याच आकाराचा. मनात आले, हा कुणाच्या सायकलीवरचा? म्हणजे गावात कुठेतरी आणखी एक सायकल दोन भोके घेऊन उभी असणार. की हा आपलाच फिरून आला? विक्रेत्याला तसे म्हटले, तर तो शांतपणे म्हणाला, “तुमचाच समजा ना साहेब. पैसे तेवढेच.”

घरी आणून अण्णांच्या हातात दिला. अण्णा आता एकोणऐंशीचे. सायकल चालवत नाहीत, पण सकाळी फडक्याने पुसतात, आणि दसऱ्याला चिंच लावून बिल्ला लखलखीत करून झेंडूचा हार घालतात. त्यांनी बगळ्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “याला डोळा आहे.”

तेव्हा माझ्या लक्षात आले. आमच्या बगळ्याला डोळा नव्हता. पन्नास वर्षांच्या फडक्याने आणि चिंचेने तो पुसून गेला होता. बिनकामाची वस्तू झिजत नाही हा माझा सिद्धांत तिथेच कोसळला. ती झिजते, पण कामाने नाही. कामाने झिजलेले बदलून मिळते, बुधवार पेठेत चार दुकानांत मिळते. मायेने झिजलेले बदलून कसे मिळणार? मिळाला तो डोळ्यासकट.

दर ३१ मार्चला आम्ही घसारा काढतो. टेबल, पंखा, तिजोरी, सगळ्यांची किंमत उतरत उतरत एक रुपयावर आणून ठेवतो. शून्य लिहिले तर हिशेब तपासनिसाला वाटते, वस्तूच गेली. या शास्त्राप्रमाणे डोळ्याचा बगळा महाग आणि बिनडोळ्याचा स्वस्त. आमच्या घरी नेमके उलटे. जो भाग घसाऱ्यात गेला होता, तीच खरी मालमत्ता होती. बी.कॉम.ला हे शिकवले नव्हते, आणि शिकवले असते तर परीक्षेत आले नसते.

“परत करू का, अण्णा?” मी विचारले. “हा दुसऱ्या कुणाचा असेल.”

“मग काय झालं? सायकल सेकंडहँड घेतली मी. तो बगळा तरी पहिल्या दिवसापासून आपला कुठं होता? तेव्हा त्यालाही डोळा होता.”

स्क्रूही त्यांनीच शोधून दिले. यात दुकानदाराच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असे वाटते. अडले होते ते बिल्ल्यावाचून नव्हे, पुसायला काही उरले नव्हते म्हणून. वस्तू आपली होते ती पावती फाडल्यावर नाही, रोज हात फिरल्यावर. आणि तो हात दुसऱ्या कुणाच्या वस्तूवरही पहिल्यापासून फिरवायला घेता येतो.

बिल्ला बसवून सहा महिने झाले. डोळा अजून जिथल्या तिथे आहे, हे मी भिंग लावून पाहिले आहे. दरवर्षी सारखी झीज धरली तरी तो जायला चाळीस-पन्नास वर्षे लागतील. हा हिशेब अण्णांना ऐकवण्यात अर्थ नाही आणि मलाही तो फारसा अनुकूल नाही. म्हणून परवा धाकट्या मुलीच्या हातात फडके दिले. “बाबा, हे पुसून काय होतं?” तिने विचारले. “काही होत नाही,” मी म्हटले, “पूस.”