टेकू

हिंगण्याच्या घरी स्वयंपाकाचा ओटा आम्ही जागेवरच ओतला. कन्हानची रेती, गिट्टी, सळई आणि सिमेंट. मिस्त्रीने बजावले होते, सात दिवस पाणी मारा, टेकू काढू नका. सिमेंट वाळून नव्हे, पाणी पिऊन घट्ट होते. पुरते बळ यायला 28 दिवस लागतात. पण दिवाळी तोंडावर आली आणि तिसऱ्याच दिवशी मी टेकू काढले. ओट्याला तडा गेला.

"माह्यंच काही चुकलं असन, भाऊ," म्हणत मिस्त्रीने तो फुकट दुरुस्त केला. मी गप्प राहिलो. खोटे एक अक्षरही बोललो नाही. तरी माझा दोष त्याच्या पदरात गेला. मग मौनाला निर्दोष कसे म्हणावे? पाडव्याला त्याच्याकडे फराळ न्यायचा आहे. सोबत मजुरीही नेईन, आणि ते राहिलेले वाक्यही.