सत्तांतर आणि चाकरीचे मोल

जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला, तेव्हा राज्याच्या बदल्यात त्याला सालिना आठ लक्ष रुपयांचा तनखा कबूल करण्यात आला. परंतु ज्या कारकुनांनी आणि दफ्तरदारांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या राज्याच्या हिशेबांचे रुमाल बांधले आणि सोडले, त्यांच्या चाकरीचे काय, या प्रश्नाला तत्कालीन राजनीतीत हक्काचे असे उत्तर नव्हते. जिंकलेल्या मुलखाचा कारभार हाती घेतलेल्या एल्फिन्स्टनने त्यांतील कित्येकांना मामलतीच्या कामावर ठेवले खरे, पण ते मुलखाची माहिती असलेली माणसे नव्या सरकारास हवी होती म्हणून. चाकरी धन्याबरोबर बुडते, आणि उरली तर ती नव्या धन्याच्या मर्जीने उरते, हीच तेव्हाची सर्वमान्य समजूत होती.

ही समजूत पालटायला शतक लागले, आणि ती पालटली ती साम्राज्याच्याच नोकरांसाठी. १९१९ च्या सुधारणांनंतर, हिंदी मंत्र्यांच्या हाताखाली राहणे ज्यांना रुचणार नव्हते अशा जुन्या अधिकाऱ्यांना झालेल्या सेवेच्या प्रमाणात पेन्शन घेऊन मुदतीपूर्वी निवृत्त होण्याची मुभा मिळाली. डिसेंबर १९२१ च्या आयरिश तहाने याच्या पुढचे पाऊल टाकले. राज्य बदलल्यामुळे ज्यांना काढून टाकले जाईल, किंवा जे आपण होऊन निवृत्त होतील, अशा न्यायाधीशांना, अधिकाऱ्यांना व पोलिसांना न्याय्य मोबदला देण्याचे नव्या आयरिश राज्याने त्या तहाच्या दहाव्या कलमात मान्य केले. मात्र त्याच कलमाने सहायक पोलीस दलाला आणि मागील दोन वर्षांत ग्रेट ब्रिटनमधून पोलिसात भरती केलेल्यांना वगळून त्यांचा भार ब्रिटिश सरकारवरच टाकला. दडपशाहीसाठी आणलेल्या माणसांचा खर्च दडपल्या गेलेल्या प्रजेच्या खजिन्यातून होऊ नये, हा त्यातला विवेक मला त्या मोबदल्याइतकाच मोलाचा वाटतो.

हिंदुस्थानात प्रश्न याहून अवघड होता, कारण येथे एकाच कचेरीत, एकाच हुद्द्यावर, एकाच करारनाम्याखाली इंग्रज आणि हिंदी असे दोघे शेजारी बसत होते. ३० एप्रिल १९४७ रोजी मोबदल्याच्या अटी जाहीर झाल्या, त्या या दोघांना सारख्या नव्हत्या. इंग्रज अधिकाऱ्याची कारकीर्दच संपत असल्याने त्याला मोबदला मिळावयाचा होता, आणि तो ब्रिटिश खजिन्यातून. हिंदी अधिकाऱ्याला, काही अपवाद वगळता, तो नव्हता. वल्लभभाई पटेलांचा आग्रह असा की हिंदी माणसाने स्वतःच्या देशाची सेवा करण्यात गमावले असे काहीच नाही, मग भरपाई कशाची? मला हा युक्तिवाद आजही निरुत्तर करणारा वाटतो. पगार तोच आणि हुद्दा तोच; बदलला तो केवळ मुजऱ्याचा धनी, आणि तो बदल म्हणजे हानी असे म्हणणे म्हणजे गुलामीला मिळकत समजणे होय. परंतु पटेल तेथे थांबले नाहीत. भरपाई नाकारली त्याअर्थी वचन पाळलेच पाहिजे, ही त्यांची दुसरी बाजू होती, आणि ऑक्टोबर १९४९ मध्ये घटना समितीत या नोकरांच्या सेवाशर्तींची हमी घटनेत घालताना, अनेक सभासदांची नाराजी पत्करून, त्यांनी तिचा कळकळीने पुरस्कार केला.

पुढे मलाया आणि गोल्ड कोस्ट या ब्रिटिश वसाहतींच्या स्वातंत्र्याच्या वेळी भरपाईचे रीतसर कोष्टकच झाले. तिची रक्कम चाळिशीच्या आसपास सर्वाधिक असे. कारण तरुणाला नवा मार्ग धरता येतो, वृद्धाचे पेन्शन जवळ आलेले असते, आणि मधल्या वयाचा माणूस दोहोंना मुकतो. गमावलेल्या पगाराऐवजी गमावलेल्या भवितव्याचे माप घेणारी ही दृष्टी अधिक माणुसकीची होती.

पटेलांनी पुरस्कार केलेल्या हमीचे ३१४ वे कलम मात्र १९७२ मध्ये अठ्ठाविसाव्या घटनादुरुस्तीने वगळण्यात आले. तेव्हा इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील (आय. सी. एस.) थोडेच हिंदी अधिकारी कामावर उरले होते. त्यांतले शेवटचे, निर्मल मुखर्जी, १९८० मध्ये मंत्रिमंडळ सचिवपदावरून निवृत्त झाले.