नियमाने चुकलेला मुलगा

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी लॅटिन शिकायला बसलो, तेव्हा सौभाग्यवतींनी विचारले, "आता कुणाशी बोलणार आहात?" प्रश्न रास्त होता. मी संस्कृतचा विद्यार्थी. तिच्या या दूरच्या बहिणीची ओळख व्हावी, एवढाच हेतू. गावातले एक वृद्ध फादर आठवड्यातून दोनदा शिकवू लागले.

लॅटिनमध्ये नियमित क्रियापदांचे चार गण आहेत. प्रत्यय पाठ केले की शेकडो क्रियापदे मुकाट रांगेत उभी राहतात. अडवतात ती अनियमित. 'असणे' म्हणजे 'एस्से'. पण 'मी आहे' म्हणायला 'सुम्', 'तो आहे'ला 'एस्त', 'ते आहेत'ला 'सुंत'. 'वाहून नेणे' याची मुख्य रूपे फेरो, फेर्रे, तुली, लातुम! पहिल्या दोहोंचा पुढच्या दोहोंशी तोंडवळासुद्धा जुळत नाही.

हळूहळू ओळख पटू लागली. 'एस्त' आणि 'सुंत' म्हणजे आपल्या 'अस्ति', 'सन्ति'चे भाईबंद. 'फेरो' हा 'भृ' धातूचा आप्त, तर 'तुली' आपल्या 'तुला' शब्दाचा. म्हणजे ही बेशिस्त नव्हे. दोन जुन्या धातूंनी मिळून थाटलेला तो एक संसार आहे. मराठीत तरी निराळे काय? 'जा' आला 'या' धातूवरून आणि 'गेला' आला 'गम्'वरून. कन्नडातही 'बरु'चे भूतकाळी 'बंद' होते. असणे, जाणे, येणे, देणे ही क्रियापदे रोज कानांवर पडतात, म्हणून त्यांची जुनी रूपे टिकतात. क्वचित लागणारे शब्द लवकर नियमाला शरण जातात.

एकदा 'इच्छिणे' या अर्थी 'वेल्ले' लिहायचे, तिथे मी 'वोलेरे' लिहिले. फादर हसले नाहीत. म्हणाले, "चूक आहे; पण मास्तर, तुम्ही नियमाने चुकलात. लॅटिन बोलणारी सामान्य माणसेही पुढे असेच म्हणू लागली. आज इटालियनमध्ये 'वोलेरे' हेच शुद्ध आहे." 'पोस्से'चे 'पोतेरे' आणि 'एस्से'चे 'एस्सेरे' असेच झाले, हेही त्यांनी सांगितले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पंचवीस वर्षांपूर्वीचा पाचवीचा वर्ग आठवला. कन्नड घरातला एक मुलगा उभा राहून म्हणाला होता, "सर, मी गृहपाठ करला." वर्ग हसला. खरे सांगायचे तर आधी मी हसलो, मग वर्ग हसला. त्या वर्षी मराठीच्या तासाला त्या मुलाने पुन्हा हात वर केला नाही.

'भर'चे 'भरला', 'धर'चे 'धरला', म्हणून 'कर'चे 'करला'. हा हिशेब त्याने स्वतःच्या डोक्याने मांडला होता. 'केला' म्हणणाऱ्या इतर मुलांनी काहीच मांडले नव्हते. ते रूप त्यांना घरी आयते मिळाले होते. मग शाबासकी कुणाला द्यायची?

म्हणून 'करला' शुद्ध मानावे, असे मी म्हणत नाही. मुलाची चूक दुरुस्त न करणे ही त्याची फसवणूकच. उद्या त्याला बाजारात कुणी हसेल. परंतु अज्ञानाने झालेली चूक आणि विचार करून झालेली चूक यांना एकाच लाल शाईने खोडणे, हा अन्याय आहे. आता मी आधी सांगतो, "नियम तू बरोबर लावलास." मग सांगतो, "इथे मात्र रूढी फार जुनी आहे, 'केला' म्हणायचे." दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि हा क्रमही महत्त्वाचा आहे.

आपल्या भागात घराघरांत दोन भाषा नांदतात. कुणाची सून, कुणाचा जावई, कुणाचा शेजारी रोज एखादे क्रियापद नियमाने चुकत असतो. त्यांना हसण्याआधी आपण क्षणभर थांबावे, एवढेच मागणे. त्या मुलाची क्षमा मागायची माझ्याकडून राहून गेली.